कोळसा, मीठ आणि तांब्याचं झाकण

आमच्या घरातला पहिला रेडिओ होळीनंतर बोलायला लागला आणि आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच कायमचा गप्प झाला. एवढ्या थोडक्या आयुष्यात त्याने आमच्या घरात जी उलथापालथ केली, ती त्याच्यातून रोज ऐकू येणाऱ्या लढाईलाही जमली नाही. लढाई कुठेतरी समुद्रापलीकडे चालली होती. रेडिओ आमच्या ओसरीवर होता.

आमचं गाव म्हसावदच्या अलीकडे. मागच्या दाराशी उभं राहिलं की सातपुडा दिसतो आणि पुढच्या दाराशी उभं राहिलं की भाऊबंद दिसतात. त्या साली कापसाला भाव बरा मिळाला होता. कापूस विकून हातात पैसा आला की आमच्याकडची माणसं तीनच गोष्टी करत. बैलजोडी घेत, मुलीचं लग्न काढत, नाहीतर भाऊबंदांवर दावा लावत. आमच्या आबांच्या या तिन्ही गोष्टी आधीच उरकल्या होत्या. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं होतं, बैल नवे होते आणि शेजारच्या धाकल्या घराशी, म्हणजे आबांच्या चुलतभावाशी, बांधाचा दावा आपल्या गतीने रांगत होता. तेव्हा आबांनी रेडिओ घेतला. धाकल्या घरात ग्रामोफोन होता, हे कारण त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. ते म्हणत, बाजारभाव कळतात.

रेडिओ नंदुरबारहून बैलगाडीने आला, दोन गोधड्यांत गुंडाळून. त्याच्याबरोबर उस्मान मिस्तरी आले. ते नंदुरबारला शिलाई मशीन, ग्रामोफोन, गॅसबत्त्या असं जे जे बिघडेल ते दुरुस्त करत, आणि आता रेडिओही बसवायला लागले होते. गावात वीज नव्हती. ती यायला पुढे कितीतरी वर्षं लागली आणि आल्यावरही ती जाण्यातच जास्त वेळ घालवत असे. रेडिओ चालायचा तो मोटारीला असते तसल्या जड बॅटरीवर. ती उतरली की पुन्हा नंदुरबारला भरायला न्यायची. मिस्तरींनी धाब्यावर, म्हणजे आमच्या घराच्या मातीच्या सपाट छतावर, दोन उंच बांबू उभे केले. त्यांच्यामध्ये चिनी मातीचे गोळे अडकवून एक तार ताणली. दुसऱ्याच दिवशी माझ्या मायने त्या तारेवर दोन लुगडी वाळत घातली आणि ओसरीवर जमलेल्या माणसांना त्या संध्याकाळी बातम्यांऐवजी नुसती खरखर ऐकू आली. आबा धाब्याखाली उभं राहून ओरडले, “अवो, लुगडा काढ! तठून बातम्या येतंस!” माय म्हणाली, “येतंस त येऊ द्या. लुगडा काय बातम्यास्ले खातंस?” तरी तिने लुगडी काढली. तो घरातला शास्त्राचा पहिला विजय.

पण ही गोष्ट वरच्या तारेची नाही, खालच्या तारेची आहे. मिस्तरींनी परसात, मोरीच्या भिंतीजवळ कमरेएवढा खड्डा खणायला लावला. त्यात लोहाराकडचा कोळसा आणि खडेमीठ थरांनी भरलं. मधोमध तांब्याचा पत्रा ठेवायचा होता. नंदुरबारच्या तांबटाकडे त्यांना सपाट पत्रा मिळाला नव्हता, म्हणून त्यांनी हंड्याचं एक जुनं झाकण आणलं होतं, चांगलं ताटाएवढं. त्याच्या काठाला भोक पाडून त्यात जाड तार ठोकून बसवली आणि ती तार भिंतीवरून ओसरीच्या खिडकीपर्यंत नेली. खड्डा बुजवताना एक पोकळ बांबू आत उभा ठेवला. रोज त्यातून तांब्याभर पाणी ओतायचं, कारण कोरडी जमीन वीज घेत नाही. खिडकीत एका लाकडी फळीवर पितळी दांडी बसवली. दांडी वर केली की रेडिओ बोलणार. आभाळ गडगडायला लागलं की दांडी खाली करायची, म्हणजे वरच्या तारेतून जे काही उतरेल ते रेडिओत न शिरता सरळ जमिनीत जाईल.

“पाटीलसाब, बिजलीले जागा पाहिजे,” मिस्तरी म्हणाले. “तुम्ही जमीनमा जागा दी त ती तठे जाई. नई दी त घरमा करी लेई.”

आबांनी मान हलवली. मान हलवण्यात आबांचा हात धरणारा आमच्या पंचक्रोशीत कोणी नव्हता. कोर्टात वकील बोलायचा तेव्हाही ते अशीच हलवत. मग म्हणाले, “मिस्तरी, हाई बठ्ठं आमनी इंदूले सांगा. ती सातवीमा शे.” इंदू म्हणजे मी. मी वही आणली आणि मिस्तरींनी सांगितलेलं सगळं ओळीने उतरवून घेतलं, खड्ड्याचं चित्र काढून. ती वही मी पुढे कितीतरी दिवस उशाशी घेऊन निजत असे. आज सांगायला लाज वाटत नाही, मला स्वतःचं फार कौतुक होतं.

कौतुकाला कारणही होतं. सातवीनंतर माझी शाळा संपणार होती. मास्तरांनी आबांना दोनदा येऊन सांगितलं होतं की पोर हुशार आहे, धुळ्याला मुलींचं बोर्डिंग आहे, तिथे धाडा. आबांनी दोन्ही वेळा त्यांना चहा पाजला आणि मान हलवली. मिस्तरी गेले त्या दिवशी मी धीर करून स्वतःच विचारलं. आबा रेडिओसमोर बसले होते, मन प्रसन्न होतं. ते म्हणाले, “मशीन तुन्हा हातमा देयेल शे. शाळा उघडस तोवर जशानं तशं ऱ्हायनं, त धुयाले धाडसू. बिघडनं, त चूल शेच.” मी ओसरीवर बसलेल्या चार माणसांदेखत त्यांच्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं. दाव्याच्या घरात वाढलेली मुलगी साक्षीदारांशिवाय बोलणं करत नाही.

या सगळ्या काळात भागा फुई घरी नव्हती. फुई म्हणजे आमच्याकडे वडिलांची बहीण. भागा फुई आबांहून मोठी. लग्न होऊन सासरी गेली ती तीन वर्षांत एक लाकडी पेटी घेऊन परत आली आणि त्या पेटीसकट आमच्या घरात राहिली. घर तिच्यावर चालायचं. चूल, गाई, देव आणि आम्ही, या क्रमाने. तिच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा ज्याने खाल्ला त्याला मी नंतरच्या आयुष्यात काय सोसलं ते सांगावं लागणार नाही. पण पंगतीत ती कधी दिसायची नाही. ओसरीवर पुरुष असले की ती स्वयंपाकघराच्या दाराच्या आतच थांबायची, आणि आबांशी बोलायचं असलं तरी दाराला सांगितल्यासारखं बोलायची. विसरवाडीकडे तिच्या नणंदेच्या मुलीचं बाळंतपण होतं, तिथे ती होळीआधीच गेली होती. चैत्रात परत आली तेव्हा रेडिओ सुरू होऊन महिना होत आला होता. आबांनी गावातल्या प्रत्येक पुरुषाला रेडिओ समजावून सांगितला होता. घरातल्या बायकांना सांगावं असं त्यांना सुचलं नाही. त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. असल्या गोष्टी बायकांना आपोआप कळतात, दूध नासल्यासारख्या, असं त्यांना वाटत असावं.

परत आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने मला परसात गाठलं. मी बांबूत पाणी ओतत होते, आणि ओतताना मिस्तरींसारखा चेहरा करत होते. ती म्हणाली, “काबं टाकस वं पानी तठे? ना झाड, ना पान.”

मी म्हणाले, “ते शास्त्र शे फुई. तुले नई समजाव.”

ती गाईला चारा घालायला निघून गेली. हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळ लोकांच्या तोंडून ऐकलं, बरेचदा स्वतःबद्दलच ऐकलं. पण ते मी म्हणाले होते तेवढ्या निवांतपणे कुणी म्हटल्याचं आठवत नाही. तेरा वर्षांची होते. तेराव्या वर्षी माणूस जितकं शहाणं असतं तितकं पुन्हा होत नाही.

यानंतर काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही, महिन्याभराने कळलं. पण वाचणाऱ्याला ताटकळत ठेवायला मी काही वकील नाही, म्हणून इथेच सांगते. फुई काटकसरी बाई. रोज तांब्याभर पाणी पडणारी ओली जमीन रिकामी राहावी हे तिला सहन होईना. एके दिवशी पहाटे तिने तिथे गिलक्याच्या, म्हणजे घोसाळ्याच्या, बिया लावायला खुरपं घातलं. बांबूजवळची माती अजून भुसभुशीत होती, म्हणून ती जरा खोल गेली आणि खाली तिला काळा कोळसा लागला. मग मीठ. मग आणखी कोळसा. मग तांब्याचं झाकण आणि त्याला बांधलेली तार. ती तार घराच्या भिंतीवर चढून सरळ ओसरीत गेलेली. आता कोळसा आणि मीठ घराच्या कडेला पुरलेलं सापडलं, वर तांबं आणि तारेने घर बांधलेलं, म्हणजे हे काय असतं ते आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. करणी. आणि ती कुणी केली हेही सांगायला नको. दावा ज्यांच्याशी चालला होता त्यांनी.

करणी सापडली की तिचा एक नियम असतो. बोलायचं नाही. बोललं की ती उलटून बोलणाऱ्याच्या घरावरच बसते, आणि करणाऱ्याला सुगावा लागला तर तो दुसरी करतो. तेव्हा मुकाट्याने काढायची आणि वरून सगळं होतं तसं ठेवायचं. फुईने तीन पहाटे खपून तो खड्डा रिता केला. कोळसा, मीठ टोपलीत भरून गोमाई नदीच्या वाहत्या पाण्यात नेऊन सोडलं. खड्ड्यात ज्वारी, हळकुंडं, सुपारी आणि एक नारळ घातला. तार झाकणापासून सोडवून तशीच मातीत खोचून ठेवली आणि पोकळ बांबू पुन्हा जागच्या जागी उभा केला. एवढं करून तांब्याचं झाकण मात्र तिच्या हातून टाकवेना. तांबं बाटत नाही. तिने ते चिंच आणि राख लावून लख्ख घासलं आणि देवघरात देवांच्या पुढ्यात ठेवलं, ताम्हण म्हणून. काठाच्या भोकाकडे देवांनी कानाडोळा केला.

मी रोज तांब्याभर पाणी ओतत राहिले. नारळाला.

चिन्हं नव्हती असं नाही. फुईने धाकल्या घरच्या काकूशी बोलणं सोडलं. ती काकू गरीब बापडी, दाव्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. ती वाटीभर गूळ मागायला आली की फुई म्हणे, “सरना,” आणि गुळाच्या ढेपेसमोर उभी राही. शिवाय रेडिओचा आवाजही बसला. आधी कसा खणखणीत येत होता, तो आता विहिरीतून आल्यासारखा येऊ लागला. ओसरीवरच्या मंडळींनी त्याची चर्चा केली. एक म्हणाला, बॅटरी उतरली. दुसरा म्हणाला, लढाई दूर सरकली असेल. आबा म्हणाले, “बोली बोली दमना व्हई. मानूस शे शेवट.” मी वहीत पाहिलं. आवाज बसला तर जमिनीची तार पाहावी, असं माझ्याच अक्षरात तिथे लिहिलेलं होतं. मी परसात जाऊन तार पाहिली. तार होती. मी आणखी एक तांब्या पाणी ओतलं.

आखाजी आली. आमच्याकडे आखाजी म्हणजे बायकांची दिवाळी. माहेरवाशिणी आल्या, निंबाला झोके बांधले, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झाला. सण उरकला आणि उन्हाळी कामं निघाली. त्या दिवशी दुपारी धाब्यावर बिबडे वाळत होते. ज्वारीच्या पिठाचे हे पापड घालायला बायकांना दोन दिवस लागतात आणि भिजायला दोन मिनिटं. सातपुड्याकडून आभाळ काळं होऊन आलं, वारा सुटला आणि सगळं घर धाब्याकडे धावलं. माय, फुई, गडी, आबासुद्धा. मी मात्र ओसरीकडे धावले. पहिला गडगडाट ऐकू आला तेव्हा माझा हात दांडीवर होता. मी ती खाली केली. नीट बसली की नाही ते दोनदा दाबून पाहिलं. मग मी ऐटीत बाजूला झाले, दोन पावलं.

त्या दोन पावलांनी मला वाचवलं. धाब्यावरच्या बांबूवर की शेजारच्या निंबावर, वीज नक्की कुठे पडली ते कुणीच सांगू शकलं नाही; धाब्यावरची माणसं बिबडे घेऊन नुकतीच खाली उतरली होती. मला दिसला तो खिडकीत पांढरा उजेड, आणि ऐकू आलं ते कापड टरकन फाटल्यासारखं. मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीशी बसलेली होते. तिथे कशी गेले ते आठवत नाही. फळी जळून निघाली होती, पितळी दांडी तुटून अंगणात पडली होती आणि रेडिओच्या पाठीतून धूर येत होता. त्या धुराचा वास मला अजून ओळखता येतो. जळक्या लाखेचा.

आबा आले. मी जिवंत आहे हे त्यांनी पाहिलं, डोक्यावरून हात फिरवला. मग रेडिओकडे पाहिलं. मग विचारलं, “दांडी खाले करी व्हती का?”

“करी व्हती आबा.”

“कोनी देखं व्हतं का?”

पण सगळे साक्षीदार बिबडे गोळा करत होते. दांडी अंगणात पडली होती, तिला वर-खाली काही उरलं नव्हतं. संध्याकाळी धाकल्या घरचे काका मुद्दाम ओसरीवर आले, हळहळले आणि जाता जाता म्हणाले, “पोरना भरोसे मशीन ठेवं तुम्हीनबी!” आबांना जो काही निवाडा करायचा होता तो त्या वाक्याने झाला. ते मला म्हणाले, “धुयानी गोठ आते करू नको.” मी रडले नाही. खोटी ठरवली गेल्यावर रडू येत नाही. वही चुलीत घालायला मी स्वयंपाकघरात गेले. फुईने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पिठाच्या डब्यामागे ठेवली.

चार दिवसांनी उस्मान मिस्तरी आले. त्यांनी रेडिओ उघडला, आत पाहिलं, आणि एखाद्या घरी सांत्वनाला गेल्यावर बोलावं तशा आवाजात म्हणाले, “यामा आते काही नई.” मग त्यांनी मला बाजूला बोलावलं. काय केलं, कसं केलं, सगळं विचारलं. मी सांगितलं. ते आबांकडे वळले. “पाटीलसाब, पोर बराबर बोली ऱ्हायनी. दांडी खाले नसती त फळी नई जळती. बिजली आठवर उनी, मंग जमीनमा काबं नई गई? खड्डा देखना पडी.”

सगळे परसात गेले. गड्याने कुदळ घातली. धाकल्या घरचे काकाही आले, हळहळ अजून शिल्लक होती. फुई आणि माय मोरीच्या दारात. माती निघाली आणि मग पिवळी पडलेली, कोंब फुटलेली ज्वारी निघाली. हळकुंडं निघाली. नारळ निघाला. तार निघाली, तिचं टोक मोकळं. मिस्तरी खड्ड्याच्या काठाशी उकिडवे बसले. “कोयसा कोठे गया? मीठ कोठे गयं?” ते स्वतःशीच म्हणाले. “झाकन?”

ते हात धुवायला उठले. मोरीच्या दारातून आतलं देवघर समोर दिसतं. संगमरवरी नव्हे, साधं लाकडी, त्यात आमचे देव, आणि देवांपुढे ते झाकण, उन्हाच्या तिरिपीत लखलखत, काठाला भोक असलेलं. मिस्तरींनी ते पाहिलं. त्यांनी ते पाहिलं हे मी पाहिलं, आणि त्यांच्या नजरेमागे मीही पाहिलं. महिनाभर मी त्याच्यापुढे रोज हात जोडत होते, धुळ्यासाठी.

मिस्तरींनी हात धुतले, पंच्याला पुसले. मग म्हणाले, “पाटीलसाब, गलती मन्ही शे. मी खड्डा बराबर भरा नई. पोरना काही दोष नई.”

आता मी बोलायला हवं होतं. मला सगळं कळलं होतं, अगदी त्या चैत्रातल्या सकाळपर्यंत. परका माणूस आमच्या देवघराची लाज राखायला स्वतःच्या कामावर डाग लावून घेत होता, आणि त्यात माझीही सुटका होत होती. मी गप्प राहिले. फुईला वाचवायचं म्हणून गप्प राहिले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला धुळ्याला जायचं होतं.

तेवढ्यात भागा फुई दाराबाहेर आली. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, पण उंबऱ्याच्या बाहेर, पाच-सहा पुरुषांच्या मध्ये. मी तिला तिथे उभी असलेली कधी पाहिली नव्हती. ती दाराशी बोलली नाही. आबांकडे पाहून बोलली.

“मिस्तरीनी गलती नई, पोरनीबी नई. मी काढं. कोयसा, मीठ, बठ्ठं मी काढं. माले वाटनं, करनी शे.”

गड्याने कुदळ खाली ठेवली. धाकल्या घरचे काका मात्र ‘करणी’ म्हटल्यावर कुणाची, हे विचारायला तोंड उघडून मिटून बसले.

आबा म्हणाले, “आक्का, इचारं तरी असतं!”

“इचारं व्हतं,” फुई म्हणाली.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी जमिनीकडे पाहत होते. ती पुढे बोलत राहिली, आवाज चढवला नाही. “तुमी ओटावर बठ्ठा गावले सांगं. मन्ही चूलपावत कोनी उनं नई सांगाले. पोरनी वहीमा लिखेल व्हतं, पन माले कोठे वाचता येस? माले कोनी शिकाडं व्हतं का भाऊ? बिनशिकेल बाईना हातखाल घर सोडशात, त घरनी जमीन अशीच खंदाई जाई. आते हाई पोर घरमा ठेव, चूल फुकाले. तीबी मन्हामायक व्हई. मंग तिन्हा घरना खड्डाबी कोनी खंदी काढी.”

आबांनी मान हलवली नाही. तेवढं मला स्पष्ट आठवतं. त्यांनी नारळाकडे पाहिलं. मग म्हणाले, “मिस्तरीले चहा करा.” चहा झाला. मिस्तरींनी बशीत ओतून प्यायला, आणि जाताना फुई होती त्या दाराच्या दिशेने, न बघता, हात कपाळाशी नेला. संध्याकाळी जेवताना आबा ताटाकडे पाहून म्हणाले, “धुयाले जावाले पेटी लागी. आक्कानी पेटी रिकामी करा.”

गावात मात्र आबांनी शेवटपर्यंत हेच सांगितलं की वीज इतकी जबर होती की सरकारी बंगल्याचंही काही उरलं नसतं. फुईने धाकल्या काकूला गुळाची चांगली अर्धी ढेप नेऊन दिली. महिनाभर आपल्याला गूळ का मिळाला नाही आणि आता एवढा का मिळाला, हे त्या बाईला मरेपर्यंत कळलं नाही. दावा चालूच राहिला.

आता आमच्या घरात टीव्ही आहे, फ्रिज आहे, नातवाचा संगणक आहे. मध्यंतरी नवा वायरमन आला होता. त्याने भिंतीवरची खोकी तपासली, मीटर लावून पाहिलं आणि सूनबाईला म्हणाला, ताई, तुमचं अर्थिंग गावात एक नंबर आहे. ते एक नंबर का आहे ते सूनबाईच्या लक्षात नाही. म्हातारी, म्हणजे मी, उन्हाळ्यात रोज सकाळी कुंपणाजवळ तांब्याभर पाणी ओतते, ते तिला वाटतं सूर्याला. मी तिला सांगितलेलं आहे. तिला ते विसरून सूर्याचं बरं वाटतं. असो.

धुळ्याला निघाले त्या दिवशी फुईने मला पेटीशेजारी बसवलं आणि पेटीच्या तळाशी एक फडक्यातलं गाठोडं ठेवलं. “तठे गेली की उघाडजो,” म्हणाली. बोर्डिंगात पहिल्या संध्याकाळी खाटेवर बसून मी ते उघडलं. आत पुरचुंडीत खडेमीठ, लोहाराकडचा कोळसा आणि ते झाकण, पुन्हा चिंचेने घासलेलं. नव्या घरात पोरीवर वीज पडू नये म्हणून. करणीवर होता तेवढाच तिचा विश्वास आता याच्यावर बसला होता, आणि देवांपुढून काढून तिने ते मला दिलं होतं.

शेजारच्या खाटेवरच्या मुलीने ते पाहिलं आणि किंचाळली. “करनी! करनी लई उनी वं ही!” बघता बघता खोलीतल्या सगळ्या मुली आपापल्या खाटांवर चढून उभ्या राहिल्या. एकीला रडू फुटलं. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी तोंड उघडलं. तुम्हाला नाही समजायचं, हे शब्द ओठावर आलेच होते.

मी ते गिळले. झाकण मांडीवर घेतलं, पेटीतून वही काढली आणि रडत होती तिला आधी जवळ बोलावून पहिल्यापासून सांगायला लागले.